दोन डिस्क आणि पोस्टमनचा डावा पाय

"दोन डिस्क घेऊन ये आणि त्यांचं काय ते मिररिंग करून दे," असं ताईने मला फोनवर सांगितलं आणि माझ्या पोटात जो गोळा आला तो पुढे कित्येक दिवस जागचा हलला नाही. वाचणाऱ्याला वाटेल, यात पोटात गोळा येण्यासारखं काय आहे? साध्या माणसाला नसेलही. पण माझी उभी नोकरी विमा कंपनीच्या दावे विभागात गेली आहे. जळालेली गोदामं, फुटलेल्या टाक्या, जिन्यावरून निसटलेले पियानो, सगळं माझ्या टेबलावरून गेलेलं आहे. इतरांना भिंतीवर घड्याळ दिसतं, मला ते कुणाच्या डोक्यात पडणार ते दिसतं. बायको म्हणते, मी घाबरट आहे. मी म्हणतो, मी अनुभवी आहे. हा वाद आमच्या लग्नाइतकाच जुना आहे.

ताई माझी थोरली बहीण. तिचा बुटांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, चामड्याचा वास, एक शिवणयंत्र आणि मास्तर. पण हे बूट दुकानात मिळणारे नव्हेत. ज्यांचे पाय वाकडे आहेत, आखूड आहेत, कुठल्या तरी अपघातात चेंगरलेले आहेत, त्यांच्यासाठी ती एकेक जोड बनवते. पायाला ओलं प्लास्टर गुंडाळून साचा घ्यायचा आणि त्या साच्यावरून बूट. मागच्या खोलीत छतापर्यंत फळ्या होत्या आणि फळ्यांवर ओळीने पांढरे पाय. त्या खोलीत मी एकटा कधी गेलो नाही.

तर ती मागची खोली इमारतीच्या मालकाला परत हवी झाली. ताईने डोकं चालवलं. तिने भाड्याने एक स्कॅनिंगचं यंत्र आणलं, सगळे पाय त्यात फिरवले आणि कंप्युटरमध्ये घातले. आता नवा बूट हवा असला की फाईल पाठवायची, साचा कापून देणारा एक कारखाना होता, तो हुबेहूब पाय पाठवून देई. यंत्र परत जाणार होतं, त्याच्याबरोबर त्याचा कंप्युटरही, आणि जाताना कंपनी तो पुसून कोरा करणार होती. त्याआधी सगळे पाय आपल्या स्वतःच्या बॅकअप सर्व्हरवर उतरवून घ्यायचे. मग प्लास्टरचे पाय ट्रकमध्ये भरून थेट कचऱ्यात.

"तुला कंप्युटरमधलं कळतं," ताई म्हणाली. मला कंप्युटरमधलं एवढंच कळतं की ऑफिसात एकदा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी न फाडता बाहेर काढला होता. ही गोष्ट घरी सांगायची चूक मी केली आणि तेव्हापासून आमच्या नात्यागोत्यात मी तंत्रज्ञ आहे.

तरीही मी घाबरलो नसतो, पण त्या पायांत पोस्टमनचा पाय होता.

आमच्या भागातला पोस्टमन सगळ्यांच्या ओळखीचा. मागे एकदा टपाल टाकताना एक लोखंडी फाटक निखळून त्याच्या डाव्या पायावर पडलं. पाय वाचला, पण आकार राहिला नाही. ताईने त्याचा साचा घेतला तेव्हा मी योगायोगाने बाहेरच्या खोलीत होतो. प्लास्टर सुकताना तापतं. शिवाय असला पाय नुसता टेकवून चालत नाही. तो हाताने जिथे असायला हवा तिथे दाबून धरावा लागतो, आणि प्लास्टर घट्ट होईपर्यंत सोडता येत नाही. म्हणून त्या पायावर स्कॅनिंगचं यंत्र फिरवूनही उपयोग नव्हता, साच्यावरच फिरवावं लागलं. त्या दिवशी तो माणूस जे ओरडला ते ऐकून मी चहाचा कप तसाच ठेवून रस्त्यावर गेलो. नंतर तो ताईला म्हणाला, "ताई, बूट द्या नाहीतर नका देऊ, पण हे परत नाही." ताईने त्याला शब्द दिला, "परत कधीच नाही." तेव्हापासून त्याचे सगळे बूट त्या एकाच साच्यावर झाले. ते बूट घालून तो दिवसभर चालतो. त्यांच्याशिवाय त्याला आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत जाता येत नाही, आणि जो पोस्टमन चालत नाही त्याला पोस्टात काय काम? त्याची चालती जोड आता झिजत आली होती.

ताईने मला काम सांगितल्याच्या दुसऱ्याच दिवशी तो आमच्या जिन्यावर भेटला.

"काय साहेब," तो हसत म्हणाला, "माझा पाय आता तुमच्या हातात म्हणे!"

मी कठडा धरला.

मिररिंग म्हणजे काय ते मला दुकानदाराने समजावलं. दोन डिस्क घ्यायच्या, आणि जे एकीवर लिहिलं जाईल ते त्याच वेळी दुसरीवरही लिहिलं जाईल अशी सोय करायची. एक मेली तरी दुसरी जिवंत. मला हे फार आवडलं. विम्याच्या धंद्यात आम्ही सगळी हयात हेच शोधत होतो. मी दोन डिस्क मागितल्या आणि तिथेच थांबलो असतो तर ही गोष्ट लिहायला बसलो नसतो. पण मी विचारलं, "हे मिररिंग करतं कोण?"

"हा डबा," दुकानदार म्हणाला. त्याने एक काळा डबा काउंटरवर ठेवला. "आत कार्ड आहे. डिस्क सरकवा, खटका फिरवा, घरी जा."

हे मी घरी सांगितलं तेव्हा नेमका साडू आलेला होता. साडू बँकेच्या कंप्युटर खात्यात आहे आणि चांगली बातमी त्याला सोसत नाही.

"डब्यातलं कार्ड जळलं तर?" त्याने विचारलं.

"तर काय? डिस्क आहेत ना."

"आहेत. पण त्या कार्डाने काय कसं लिहिलंय ते त्या कार्डालाच ठाऊक. दुसऱ्या कंपनीच्या कार्डाला वाचता येईलच असं नाही. डिस्क ठणठणीत, आणि तुम्ही बाहेर उभे. आमच्याकडे झालंय असं." त्याने बशीतलं बिस्किट उचललं. "डबाबिबा नको. मिररिंग सॉफ्टवेअरने करा. सिस्टिम स्वतः करते. कुठल्याही मशीनला लावा, वाचता येतं."

मी त्या दिवशी जेवलो नाही. बायको म्हणाली, "अहो, तुमचा पाय आहे का तो?" पण तिने भात झाकून ठेवला होता.

सकाळी वरच्या मजल्यावरच्या इंजिनिअरांना गाठलं. हे गृहस्थ पूल बांधतात, पण कुठल्याही विषयावर त्यांचं मत तयार असतं. त्यांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि दोन्ही झटकून टाकल्या.

"कार्ड काय आणि सॉफ्टवेअर काय, दोघंही आंधळे! समजा, एका डिस्कवर एक बारीकसा तुकडा सडला. आता दोन प्रती वेगळ्या झाल्या. खरी कुठली? मिररला काय कळणार? त्याला फक्त दोन दिसतात. तुम्हाला हवी ती नवी पद्धत, जी प्रत्येक तुकड्यावर खूण ठेवते आणि अधूनमधून सगळं तपासून सडलेलं स्वतः दुरुस्त करते. त्याला मशीन मात्र दणकट लागतं."

"सडतं म्हणजे?"

"हळूहळू. कुणाला पत्ता लागत नाही."

मी खाली आलो. माझ्या डोळ्यांसमोर पोस्टमनचा पाय हळूहळू, कुणाला पत्ता न लागता, सडत होता. अंगठ्यापासून.

शिवाय इंजिनिअरांनी निरोपाचं म्हणून आणखी एक सांगितलं होतं. दोन्ही डिस्क एका खोक्यातल्या, एका घाण्यातल्या कधीच घेऊ नका. एकदम जन्मलेल्या एकदम मरतात. एक या दुकानातून घ्या, एक त्या. हे मी कारखान्यात जाऊन ताईला सांगितलं, आणि मास्तरांनी हातातली सुरी खाली ठेवली.

मास्तरांबद्दल सांगायला हवं. ताईच्या आधीपासून ते या धंद्यात आहेत आणि त्यांच्या डोक्यात एकच कायदा आहे: जोडी फोडायची नाही. दोन्ही बूट एकाच कातड्यातून कापायचे, एकाच बैठकीत शिवायचे. गिऱ्हाईक एकच बूट दुरुस्तीला घेऊन आलं तर मास्तर त्याला परत पाठवतात, दुसरा घेऊन या म्हणून. एकाच बुटाला नवी टाच मारली की माणूस लंगडतो, असं ते सांगतात, आणि ते खरंही आहे. मी पाहिलंय.

"एक इथली, एक तिथली?" मास्तर म्हणाले. "भाऊ, ही जोडी आहे की उकिरडा?"

मी म्हटलं, "मास्तर, ही डिस्क आहे. यात कातडं नाही."

"कातडं नसेना. जोडी म्हणतात ना तिला?"

ताईने मास्तरांची बाजू घेतली. तिचं म्हणणं, इतकी वर्षं मास्तरांच्या कायद्याने कुणी लंगडलं नाही. मी एका खोक्यातल्या दोन जुळ्या डिस्क घेतल्या. इंजिनिअर तिसरी जादा ठेवायलाही म्हणाले होते, पण मास्तरांपुढे तीन हा आकडा काढायची माझी छाती झाली नाही.

पद्धतीचा निर्णय मात्र मी स्वतः घेतला. कुणाला वाटेल, मी फायदे-तोटे मांडून पाहिले असतील. नाही. दुकानदाराच्या काळ्या डब्याला पुढच्या बाजूला दोन दिवे होते, एकेका डिस्कचा एकेक. सगळं ठीक असेल तर हिरवा, बिघडलं तर लाल. साडूच्या पद्धतीत आणि इंजिनिअरांच्या पद्धतीत काय चाललंय ते पडद्यावर वाचून समजून घ्यावं लागे. घाबरलेल्या माणसाला वाचता येत नाही, त्याला दिवा लागतो. मी डबा घेतला.

आता कारखान्याच्या इमारतीचे सेक्रेटरी. त्यांच्या नियमात होतं की चोवीस तास चालणारं कुठलंही यंत्र परवानगीशिवाय बसवता येणार नाही. मी अर्ज दिला. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"दोन डिस्क?"

"हो. दोन्हींवर एकच गोष्ट."

"एकच गोष्ट दोनदा कशाला?"

"एक बिघडली तर—"

"बिघडणारं यंत्र आमच्या इमारतीत बसवताय?"

अर्धा तास मी त्यांना मिररिंग समजावत होतो. शेवटी त्यांनी सारं समजल्यासारखी मान डोलावली आणि एका डिस्कची परवानगी दिली. दुसरीवर वेगळं काहीच नसल्यामुळे ती अनावश्यक ठरते, असा शेरा मारला. म्हणजे आता आमच्याकडे एक डिस्क अधिकृत होती आणि एक चोरटी. दावे विभागात असताना अशी प्रकरणं मी स्वतः नाकारलेली आहेत. आग लागली तर कुठल्या डिस्कपासून लागली असं म्हणायचं, याचा मी घरी सराव करू लागलो.

पाय मात्र नीट उतरले. दोन्ही दिवे हिरवे लागले, ताईने पोस्टमनचा पाय पडद्यावर उघडून दाखवला. तो काळ्या पार्श्वभूमीवर सावकाश गोल फिरत होता. मला हायसं वाटलं. स्कॅनिंगचं यंत्र गेलं. आणि ते गेल्यावर साडूचा फोन आला.

"मला एक सांगा, हा बॅकअप सर्व्हर. बॅकअप कशाचा?"

"पायांचा."

"मग मूळ कुठंय?"

"प्लास्टर."

"ते तर ट्रकमध्ये चाललंय ना? म्हणजे मूळ फेकून तुम्ही बॅकअप जपताय. दोन डिस्क म्हणजे दोन प्रती नव्हेत हो. एकाच डब्यातली एकच गोष्ट आहे ती."

मी फोन ठेवला. ट्रक तिकडे कारखान्याखाली लागलेला होता. मी रिक्षा केली, कारखान्यात पोचलो आणि ताईला म्हटलं, निदान पोस्टमनचा तरी ठेवू या. ताई वैतागलेली. "एकाचा ठेवायचा तर बाकीच्यांनी काय घोडं मारलंय? आणि दोन आहेत ना तुझ्या त्या?" हमाल फळ्या रिकाम्या करत होते. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या खोलीत एकटा शिरलो, पोस्टमनचा डावा पाय शोधला, कोटाखाली धरला आणि जिना उतरू लागलो. घरी कपाटात ठेवणार होतो. बायकोला काय सांगायचं तेही ठरलं होतं.

पहिल्या वळणावर मागून आवाज आला, "अहो!"

सेक्रेटरी. चोरट्या डिस्कचा त्यांना सुगावा लागला, असं माझ्या मनात आलं आणि मी दोन्ही हात वर केले. का केले ते देव जाणे. पाय कोटातून निसटला, एका पायरीवर आपटला, दुसरीवर फुटला आणि उरलेला जिना पांढऱ्या चुऱ्याने भरला. सेक्रेटरींना फक्त एवढंच सांगायचं होतं की ट्रकवाल्याला हॉर्न वाजवू नको म्हणा. मग त्यांनी चुऱ्याकडे पाहिलं आणि मला झाडू आणून दिला. मी पोस्टमनचा पाय सुपलीत भरला.

मला ताप भरला. डॉक्टर म्हणाले, साथ आहे. साथ कसली आलीय? मी अंथरुणात पडून त्या दोन हिरव्या दिव्यांचा विचार करत होतो. ताईला मी काही बोललो नव्हतो. दिवसातून तीनदा फोन करून फक्त विचारायचो, "दिवे?" ताई म्हणायची, "हिरवे रे बाबा हिरवे."

मग एका दुपारी ताईचाच फोन आला. मागे कुठलं तरी यंत्र किंचाळत होतं.

"अरे, हा डबा ओरडतोय! सगळी इमारत खाली जाऊन उभी राहिलीय. सेक्रेटरींना वाटलं आग लागली."

डिस्क मेली की डबा शिट्टी मारतो, हे माहितीपत्रकात लिहिलेलं होतं. मी ते वाचलंही होतं. सांगितलं तर ताई घाबरेल म्हणून सांगितलं नव्हतं.

"दिवे बघ," मी म्हटलं.

"एक लाल. एक हिरवा."

मला इतकं बरं वाटलं की मी उठून बसलो. एक हिरवा! म्हणजे मिररिंगने आपलं काम केलं होतं. मी शांतपणे, सराईत माणसासारखं सांगितलं, "घाबरू नको. लाल दिव्याची डिस्क बाहेर काढा आणि वॉरंटीत पाठवून द्या. बदलून नवी येईल." ताईने मास्तरांना सांगितलं. थोड्या वेळाने शिट्टी बंद झाली. संध्याकाळी माझा ताप उतरला, मी आमटी-भात जेवलो, आणि बायको म्हणाली, "बघा, उगाच जीव खाल्लात."

ताप उतरल्यावर पाच-सहा दिवसांनी मी कारखान्यात गेलो. काळा डबा गप्प होता. त्याचे दोन्ही दिवे विझलेले होते. मी वाकून आत पाहिलं. आत काहीच नव्हतं. दोन्ही खाचा रिकाम्या.

"मास्तर," मी म्हटलं, "दुसरी डिस्क कुठंय?"

"पाठवली की."

"लाल दिव्याची पाठवायची होती. एकच बिघडली होती."

"मला ठाऊक आहे ना एकच बिघडली होती," मास्तर शिवता शिवता म्हणाले. "पण एक कोरी आणि एक वापरलेली अशी जोडी चालते का? दोन्ही बदलून मागितल्या. चांगल्या कागदात गुंडाळून, एकीचं तोंड इकडे, एकीचं तिकडे. नव्या बुटांसारख्या." आणि त्यांनी वर पाहून मला धीर दिला, "ती पण वॉरंटीत होती, भाऊ. देतील."

मी वॉरंटीच्या केंद्राला फोन लावला. आधी बराच वेळ गाणं वाजलं. मग एका फार गोड आवाजाच्या बाई आल्या. त्यांनी सगळं तपासून सांगितलं की दोन्ही डिस्क मिळाल्या आहेत. "एकीत बिघाड होता, सर. दुसरी तपासणीत एकदम उत्तम निघाली. पण जोडी हवी अशी चिठ्ठी होती म्हणून आम्ही तुमच्या समाधानासाठी दोन्ही बदलल्या."

"आणि जुन्या?"

"जुन्या नियमाप्रमाणे नष्ट केल्या आहेत. तुमची माहिती कुणाच्या हाती लागणार नाही, याची खात्री बाळगा. तसं प्रमाणपत्र पार्सलमध्ये आहे. आणखी काही मदत करू शकते का?"

मी ताईसमोर उभा राहून सगळं सांगितलं. जिन्यावरच्या चुऱ्यासकट. ताई ओरडली नाही. तिने मास्तरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खुर्चीवर बसली. मास्तरांच्या हातातला दोरा तसाच राहिला. मग ताईने डोळे पुसले, फोन ओढला आणि एकेका गिऱ्हाईकाला बोलवायला सुरुवात केली. साचा परत घ्यावा लागेल, या म्हणून. कुणी कुरकुरलं, कुणी हसलं. बहुतेकांना ती अर्ध्या तासाची कटकट होती, इतकंच.

"आणि पोस्टमन?" मी विचारलं.

"त्याला मी नाही सांगणार. मी त्याला शब्द दिलाय."

"मी सांगतो," मी म्हटलं. हे माझ्या तोंडून कसं निघालं कुणास ठाऊक.

सांगतो म्हणणं सोपं होतं. पुढचे काही दिवस मी लपून काढले. टपालाच्या वेळी न्हाणीघरात बसायचो. रस्त्यात खाकी पिशवी दिसली की औषधाच्या दुकानात शिरायचो. तिथे आता माझ्या नावाचं खातं उघडतील अशी वेळ आली. लांबून त्याचं चालणं दिसायचं. डाव्या बुटाची टाच एका बाजूने पार झिजली होती आणि तो आता कडेने भिंतीला हात लावत चालत होता. मला दिसत होतं. मी खोकल्याच्या गोळ्या घेऊन घरी जायचो.

शेवटी तोच आला. मी कारखान्यात ताईला गिऱ्हाईकांचे फोन लावून द्यायला बसलो होतो, पळायला जागा नव्हती. त्याने पिशवीतून एक पार्सल काढलं.

"वॉरंटीवाल्यांकडून आलंय. सही करा, साहेब. जड आहे हो." तो हसला. "माझा पाय आहे का यात?"

"नाही," मी म्हणालो.

मी सगळं सांगितलं. मधेच थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं म्हणून एका दमात सांगितलं. डबा, दिवे, मास्तरांची जोडी, जिना, सुपली. मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे होते. पोस्टमनचं हसू हळूहळू गेलं.

"म्हणजे कुठेच नाही?"

"कुठेच नाही."

"दोन होत्या ना?"

"दोन होत्या."

तो बाकावर बसला. त्याने मला शिव्या द्याव्यात म्हणून मी वाट बघत होतो. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो नुसता आपल्या डाव्या बुटाकडे बघत राहिला. मग ताईला म्हणाला, "हे अजून किती चालतील?"

"फार नाही," ताई म्हणाली.

त्याने वाकून बुटाची नाडी सोडायला घेतली. गाठ सुटेना. मास्तरांनी खाली बसून ती सोडली.

"आत्ताच करा," पोस्टमन म्हणाला. "उद्या या म्हणालात तर मी येणार नाही. मला मी माहीत आहे."

मास्तरांनी प्लास्टर कालवलं. ताईने बाह्या सारल्या. मी दाराकडे सरकलो होतो. मागच्या वेळी मी रस्त्यावर उभा होतो, तिथेच जाणार होतो. आयुष्यभर मी मोडलेल्या गोष्टींचे कागद वाचले. मोडताना तिथे कधी नव्हतो. ताई म्हणाली, "कुणीतरी याचा हात धरा रे," आणि खोलीत मोकळे हात फक्त माझे होते.

मी धरला. त्याचा तळवा गार पडला होता आणि माझाही. ताईने पट्टी गुंडाळली, पाय दोन्ही हातांत घेतला आणि दाबून जागेवर आणला. पोस्टमनच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. प्लास्टर तापू लागलं ते मला त्याच्या बोटांतून कळलं. मी डोळे गच्च मिटले. मग ओरडण्याचा आवाज झाला, मोठा, आणि बराच वेळ चालला. काही केल्या थांबेना. माझा घसा दुखायला लागला तेव्हा माझ्या लक्षात आलं की ओरडतोय तो मी.

मी गप्प झालो. खोलीत दुसरा कसलाच आवाज नव्हता.

"झालं, साहेब," पोस्टमन हळूच म्हणाला. त्याला धाप लागली होती. "कधीच झालं. उघडा डोळे. आणि हात सोडा आता, उद्या याच हाताने टपाल वाटायचंय."